उलटं गाऱ्हाणं

माझं तोंड वाईट. लोकांशी नव्हे हं, लोकांशी मी गोडच बोलते, निदान समोरासमोर. वाईट होतं ते माझं माझ्याशी बोलणं. दूध उतू गेलं की, "गेलं! मी हात लावला ना, जाणारच." सुईत दोरा ओवला गेला नाही की, "आंधळी मेली." आणि हे मनातल्या मनात नाही. ओठ हलवत, पुटपुटत, शेजारच्याला ऐकू जाईल असं. आमच्या कणकवलीच्या घरात ते कुणाच्या कानाला खटकत नसे, कारण माझ्याबद्दल तिथे सगळेच तसं बोलत. बाबा तर पाहुण्यांसमोर मला बोलावून सांगत, "ह्या आमचा चेडू. रंगान काळा, अकलेन शून्य. कायेक कामाचा नाय." चेडू म्हणजे मुलगी. पाहुणे हसत, मी पाण्याचा तांब्या ठेवून आत जाई. एकोणीस वर्षं रोज ऐकलेली गोष्ट माणूस खोटी कशाला धरील?

तरी कशी कोण जाणे, मी सातवीची फायनल पास झाले. पन्नासचं दशक संपत आलं होतं. शिकलेला पुरुष मुंबईची बोट पकडून मोकळा होत होता आणि मालवणच्या बाजूच्या, रस्ता नसलेल्या एका खाडीकाठच्या गावाला मास्तर मिळत नव्हता. म्हणून तिथे माझी तात्पुरती नेमणूक झाली. त्या गावात माझी आते राहायची, बाबांची थोरली बहीण. विधवा, मूलबाळ नाही, थोडे माड आणि मागल्या दारी काथ्याचं सुंभ वळायचं काम. शाळेला इमारत नव्हती, शाळा आतेच्याच पडवीत भरे. पडवीत चार इयत्तांची चौतीस पोरं नि मी, मागल्या दारी आते नि तिचं सुंभ, मध्ये कुडाची एक भिंत. त्या भिंतीतून इकडचं सगळं तिकडे ऐकू जाई.

नोकरी लागून चार महिने झाले नि शाळा तपासायला दिपोटी आले. तपासनीस साहेबांना तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. हे घाटावरचे होते. डोक्यावर काळी टोपी, खिशाला साखळीचं घड्याळ, बोलणं छापील पुस्तकासारखं. मला म्हणाले, "बाई, पाठ घ्या." मी खडू उचलला, फळ्याकडे वळले आणि तशीच उभी राहिले. शब्दच फुटेना. मग मी रडायला लागले. मी रडते बघून पहिलीची पोरं रडायला लागली. साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "फाल्गुनात पुन्हा येईन. तेव्हा असंच झालं, तर माझा नाइलाज आहे."

ही बातमी माझ्याआधी कणकवलीला पोचली. बाबांचं पत्र आलं, पोस्टकार्डच, म्हणजे वाटेत सर्वांनी वाचलेलं. आरोंद्याला एक बिजवर पाहिला होता, दोन मुलं, कौलांचा धंदा, माणूस चांगला. शेरा वाईट आला की बाबा येऊन मला घेऊन जाणार आणि वैशाखात लग्न उरकणार. त्या बिजवराबद्दल माझी काही तक्रार नव्हती, बिचाऱ्याला मी पाहिलंही नव्हतं. पण मला तिथे राहायचं होतं. सकाळी पोरं पाट्या घेऊन पळत येत आणि मला 'बाय' म्हणत, ते सोडून मला कुठेही जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं मात्र नाही. सांगून काय उपयोग, जाणारच होतं ते. दिवसभर मी पुटपुटत असे, "माझ्याकडून व्हायचं नाही. मला मेलीला काही येत नाही."

एके दिवशी पेज वाढताना मी म्हटलं, "मला यायचं नाही ते."

"व्हय म्हाराजा!" आते म्हणाली.

मी दचकून पाहिलं. ती शांतपणे पेज भुरकत होती.

आमच्याकडची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवळात नारळ ठेवून गावकार हात जोडून उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. पीक येऊ दे, मुंबईला गेलेल्या पोरांना सांभाळ, कुणाचं वाकडं येऊ देऊ नको. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" गावकाराने नेमकं काय मागितलं हे मागच्यांना ऐकूही आलेलं नसतं. त्यांनी विडीचं बंडल चाचपता चाचपता व्हय म्हाराजा म्हटलेलं असतं. पण ते म्हणण्यावाचून गाऱ्हाणं पुरं होत नाही.

त्या दिवसापासून आतेने मला सोडलं नाही. मी विहिरीवर म्हणे, "पडणार हा पोहरा." आते माडाखालून ओरडे, "व्हय म्हाराजा!" मी कंदील पुसताना म्हणे, "फुटणार माझ्या हातून." आतून सूर येई. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं मला. शेवटी चिडून मी सुंभाचं भेंडोळं तिच्या अंगावर फेकलं.

"आते, काय चालवलंयस तू?"

"मी? गो, तू दिवसभर देवाक गाऱ्हाणा घालतंस. 'देवा, माका येवचा नाय, माझ्यान जमाचा नाय.' मगे कोणीतरी व्हय म्हणाक नको? तुझ्यासाठी माझो घसो बसलो."

"मी देवाला थोडीच सांगते? मी माझ्याशी बोलते."

"देवाक काय ठावक? तो ऐकता नि देता. शुभ बोल गो माझे बाये, शुभ बोल!"

ठीक आहे, म्हटलं, शुभ तर शुभ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तुळशीसमोर उभी राहिले आणि हात जोडून ठणठणीत आवाजात म्हटलं, "मी साऱ्या मालवण तालुक्यातली सगळ्यात हुशार शिक्षिका आहे!"

आते केर काढत होती, ती केरच काढत राहिली.

"आते, म्हण की!"

"खोट्या गाऱ्हाण्याक मी व्हय म्हणूचंय नाय. देव काय खुळो आसा?"

"मला कसलीच भीती वाटत नाही!"

"काल पालीक बघून कोण बोंबललला?"

मी पाय आपटत आत गेले. वाईट बोललं तर ही टाळ्या पिटणार, चांगलं बोललं तर तोंड फिरवणार. मग मी बोलू तरी काय? दोन दिवस मी तिच्याशी बोललेच नाही आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही, हा आणखी एक राग.

तिसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी थापताना सवयीने तोंड उघडलं, "माझी भाकरी कधी धड..." आणि थांबले. भिंतीपलीकडे आते कान टवकारून बसलेली मला न बघताही दिसत होती. तव्यावरच्या भाकरीकडे मी नीट पाहिलं. कडेला फाटली होती, पण टम्म फुगली होती. मी चाचरत म्हटलं, "माझी भाकरी कडेला फाटते. पण कच्ची राहत नाही."

"व्हय म्हाराजा!" आतून खणखणीत उत्तर आलं.

मला हसू फुटलं. आणि मग मला त्याचा नादच लागला. दर वेळी वाईट वाक्य अर्ध्यावर पकडायचं, आजूबाजूला बघायचं आणि जेवढं खरं तेवढंच बोलायचं. "पोहरा दोनदा पडला. दोनशे वेळा पडला नाही." व्हय म्हाराजा. "माझा गळा गोड नाही. पण पोरांना माझी कविता पाठ होते." व्हय म्हाराजा. आते भारी चेंगट होती, पुरावा मागितल्याशिवाय व्हय म्हणायची नाही. एकदा मी म्हटलं, "लोकांसमोर पहिली दोन मिनिटं मला शब्द फुटत नाही. मग फुटतो."

"फुटता? खंय बघलंस?"

मी आठवू लागले. दिपोटींसमोर फुटला नव्हता, पण तेव्हा मी दोन मिनिटं थांबलेच कुठे होते, आधीच रडले होते. मग आठवलं, शेजारच्या पूजेत मला पोथी वाचायला बसवलं होतं. पहिलं पान थरथरत गेलं होतं नि पुढची सगळी पोथी मी एका दमात वाचली होती, प्रसाद उशिरा मिळाला म्हणून पोरं कुरकुरलीसुद्धा होती.

"व्हय म्हाराजा," आते म्हणाली. या वेळी जरा हळू म्हणाली.

महिनाभरात मला दोन वेळची भूक लागू लागली. सकाळी उठताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं, ते कमी झालं. पडवी सारवताना मी गुणगुणतेय हे मला आतेनेच सांगितलं, वर म्हणाली, "गळो खरोच गोड नाय."

त्याच सुमारास एकदा तिने विचारलं, "ह्या असला बोलाक तुका शिकवल्यान कोणी?" मी बाबांचं सांगितलं. पाहुणे, पाण्याचा तांब्या, अकलेन शून्य. आतेने सुंभ खाली ठेवलं.

"गो, तुझ्या आधी दोन चेडवां झाली. गोरी, देखणी. तुझो बापूस गावभर कौतुक सांगत फिरलो. दोन्ही वर्षाच्या आत गेली. तेवां त्येना कानाक खडो लावल्यान, की तिसऱ्याक कधी बरा म्हणूचंय नाय. दिष्ट लागात म्हणान. तो दिष्टीक फसवी होतो, तू कित्याक फसलंस?"

मला गलबलून यायला हवं होतं. नाही आलं. मला संताप आला. एकोणीस वर्षं! दृष्टीला फसवायचं होतं तर निदान मला डोळा तरी मारायचा. मी मागल्या दारी जाऊन काथ्या असा बडवला की आतेला आठवडाभर बडवावा लागला नाही.

फाल्गुन आला आणि दिपोटी आले. सकाळी नऊला होडीतून धक्क्यावर उतरले. तीच टोपी, तेच घड्याळ. हजेरीपट बघितला, पोरांची नखं बघितली, हे करता करता दहा वाजून गेले. मग चौथीकडून पाऊणकी म्हणून घेतली. पाव, अर्धा, पाऊण असले पाढे तेव्हा आम्ही घोकून घेत असू. पोरांनी घडाघडा म्हटली. साहेबांनी भुवया उडवल्या.

"घोकलंय ठीक. पण आता दशमान पद्धत आली. पाऊणकीचं काय लोणचं घालायचं? बाई, हिचा उपयोग काय, ते मुलांना शिकवून दाखवा."

मी फळ्याकडे वळले. खडू हातात. आणि झालं, तेच. महिनाभराची सगळी शहाणी वाक्यं कुठे पळाली कोण जाणे, जुनं मात्र तयारच होतं. ओठ आपोआप हलले. "मला नाही जमायचं."

"व्हय म्हाराजा!"

चौतीस पोरांनी. एका सुरात. पहिलीपासून चौथीपर्यंत.

कुडाच्या भिंतीतून इकडचं तिकडे जातं तसं तिकडचंही इकडे येतं, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. पोरांना वाटलं होतं, बाई काही पुटपुटल्या की असंच म्हणायचं असतं. मागल्या दारी काहीतरी धपकन पडलं. बहुधा आतेच.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

मी पोरांकडे पाहिलं. हात जोडून, गंभीर चेहऱ्याने बसली होती सगळी, देवळात बसावं तशी. माझ्या पोटातून हसू उसळलं. दाबू गेले तर नाकातून आलं. साहेबांसमोर, नोकरी जात असताना, मी पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता ध्यानात आलं की माझा घसा मोकळा झालाय. मग मी वळले आणि सरळ साहेबांनाच सांगितलं, "साहेब, पहिली दोन मिनिटं मला शब्द फुटत नाही. मग फुटतो."

"व्हय म्हाराजा!" पोरं म्हणाली.

साहेबांनी घड्याळ काढलं. "दोन मिनिटं तर झाली," ते म्हणाले. हसले नाहीत, पण बसले.

मी पोरांना विचारलं, "आज तिथी कुठची?"

"दशमी!" कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या पोरांना तिथी विचारावी लागत नाही.

"दाही पाऊण?"

"साडेसात!"

"म्हणजे काय?"

"साडेसातांक पुरी भरती!" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठच्या प्रत्येक घरात माहीत असतं. पण पाढा वेगळा नि खाडी वेगळी, असंच पोरं समजत आली होती. आता मी दोन्ही एकाच फळ्यावर मांडलं. चवथीला भरती किती वाजता, अष्टमीला किती वाजता, आजची सुकती, म्हणजे पुरी ओहोटी, कधी. पोरं उड्या मारू लागली. शेवटी तिसरीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाय, सुकती दीडाक. मगे सायबाची होडी अकरांक चिखलात बसतली!"

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. "असं पाढ्यावर समुद्र चालत नसतो," असं म्हणून त्यांनी दुसरीचं वाचन घ्यायला सुरुवात केली. मी दोनदा निघायचं सुचवलं. त्यांनी दोनदा हातानेच थांबवलं. मग मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या होत होत्या.

सव्वाअकराला आम्ही सगळे मिरवणुकीने धक्क्यावर गेलो. होडी चिखलात कलती पडली होती आणि होडीवाला माडाखाली घोरत होता. आता पाणी चढायचं ते चार वाजता. साहेबांनी त्या चिखलाकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "आज काही माझं खरं नाही."

त्याला पोरांनी काय उत्तर दिलं, ते सांगायला नको.

दुपारी साहेब आतेकडे जेवले. सोलकढी तीन वेळा मागून घेतली. आतेने त्यांना आमच्या गाऱ्हाण्याची भानगड समजावून सांगितली, साहेबांसमोर म्हणून शुद्ध मराठीत, त्यामुळे त्यांना ती अजिबात कळली नाही. मग पडवीत बसून त्यांनी शेरेबुक उघडलं. लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'शिक्षिका आरंभी अडखळतात, नंतर उत्तम शिकवतात. कायम करण्यास हरकत नाही.' मी ते चार वेळा वाचलं आणि आतेला दोन वेळा वाचून दाखवलं.

बाबांना हे कळायच्या आत, शेरा वाईटच आला असणार असं धरून, ते मला न्यायला निघालेसुद्धा होते. पुढच्या रविवारी सकाळी धक्क्यावर उतरले. मी आणि आते सामोऱ्या गेलो. मला पाहताच ते सवयीने होडीवाल्याकडे वळले, "ह्या आमचा चेडू. अकलेन..."

"बाबा," मी म्हटलं, "मी कायम झालंय. शेरो चांगलो मिळालो. आरोंद्याक मी जावचंय नाय."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, तो मी पाहिला. मग लगेच घाबरून त्यांनी हात वर केला. "हळू बोल! कोणतरी ऐकात."

"ऐकांदे. ती दोन चेडवां तुमच्या कौतुकान जावक नाय, बाबा. माका दिष्ट लागली तर लागांदे. पण तुमी एकदा तरी माका बरा म्हणा."

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. होडीवाल्याकडे, खाडीकडे, आतेकडे पाहिलं. त्यांच्याकडून झालं नाही. छत्री टेकत ते घराकडे चालू लागले. जेवताना भाताची, माशाची चौकशी केली, माडांना फळ किती धरलं ते विचारलं. माझ्याकडे वर बघून एक शब्द बोलले नाहीत. मला इतका राग आला होता की मी त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

परतीच्या भरतीला मी त्यांना पोचवायला धक्क्यावर गेले. होडीवाला दोर सोडत होता. बाबांनी छत्री काढून माझ्या हातात दिली, मग परत घेतली. चारी दिशांना नीट पाहून घेतलं. मग चोरीचा माल द्यावा तसे माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "माझा चेडू हुशार आसा."

आणि धावतच होडीत जाऊन बसले, पाठमोरे. होडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मी धक्क्यावर उभी राहून पहिलीतल्या पोरासारखी भोकाड पसरून रडले.